जुनी पोर्शे तापते तेव्हा ऑइल कोणतं?

१९७८ ते १९८९ या काळातल्या पोर्शे ९११ ला एअर-कूल्ड म्हणायची पद्धत आहे, पण ते अर्धंच खरं. पंखा सिलिंडरांवरून हवा मारतो, हे ठीक. पिस्टनच्या तळाची, बेअरिंगांची आणि कॅमशाफ्टची उष्णता मात्र ऑइलच बाहेर वाहून नेतं. म्हणून तर तीन लिटरच्या इंजिनासाठी या गाडीत सुमारे १३ लिटर ऑइल असतं; साध्या चारचाकीचं चार लिटरमध्ये भागतं. ऑइल इंजिनाच्या पोटात साठून राहत नाही. एक पंप ते खालून ओढून मागच्या उजव्या चाकापाठच्या टाकीत टाकतो, दुसरा टाकीतून उचलून दाबाने बेअरिंगांना देतो. तापमान साधारण ८३ ते ८७ अंशांवर गेलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि ऑइल उजव्या दाराखालच्या पट्टीतून जाणाऱ्या दोन नळ्यांवाटे पुढच्या फेंडरमधल्या कूलरपर्यंत जाऊन परत येतं.

या गाडीचा ऑइलच्या तापमानाचा काटा ट्रॅफिकमध्ये १२० च्या पुढे सरकू लागला की मालक विचारतो, ऑइल कोणतं टाकू? उत्तर ठरलेलं असतं: "जाड टाक, २०डब्ल्यू-५० टाक." उत्तर बहुतेक वेळा बरोबरही निघतं. पण जाड ऑइलने गाडी थंड होत नाही. जाड ऑइल गरम इंजिनात फक्त टिकून राहतं, आणि ते टिकतंय म्हणून खरा बिघाड दोन-दोन वर्षं झाकलेला राहतो.

आधी काटा खरं बोलतोय का ते बघावं. चाळीस वर्षांच्या सेंडरचा, म्हणजे काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरचा, रेझिस्टन्स बदललेला असतो आणि अर्थिंग गंजलेलं असतं. शिवाय काही गेजांवर आकडेही नाहीत, नुसत्या पांढऱ्या खुणा आहेत. सेंडर काढा, वायर जोडलेलीच ठेवा, त्याच्या बॉडीला एका वायरने इंजिनाशी अर्थिंग द्या आणि टोक उकळत्या पाण्यात बुडवा. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात उंचीमुळे ९८ च्या आसपास. एवढा फरक चालतो. इग्निशन चालू करून काटा कुठे थांबला तिथे काचेवर चिकटपट्टीची खूण करा. आता गेजवर एक तरी खरा आकडा आहे. बऱ्याच 'तापणाऱ्या' गाड्या या परीक्षेतच थंड होतात.

९० ते १०५ अंश हे या इंजिनाचं नेहमीचं घर. घाटात किंवा उन्हाळी ट्रॅफिकमध्ये १२० पर्यंत गेलं तर लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही. १३० च्या पुढे गाडी बाजूला घ्यायची. उलट बाजूने, ऑइल सतत ७० वरच राहत असेल तर तेही वाईट, कारण ज्वलनातून आलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही आणि आम्ल साचतं. ऑइल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून म्हातारं होतं, आणि ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना हा वेग दुप्पट होतो. १०० ऐवजी १३० वर चालणारं ऑइल त्या हिशेबाने आठपट वेगाने खराब होतं. पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं असं पुस्तकातून पाठ केलेल्याने हे आठवावं.

तापमान खरंच जास्त असेल तर ऑइलच्या डब्याकडे जाण्याआधी गाडीखाली जा. दाराखालच्या पट्टीजवळून जाणाऱ्या त्या दोन नळ्या चुकीच्या जागी जॅक लावल्याने चेपलेल्या सापडतात, आणि चेपलेल्या नळीतून पुरेसा प्रवाह जात नाही. इंजिन १०० वर आलं की पुढच्या उजव्या फेंडरमधल्या नळीला बाहेरून हात जवळ नेऊन बघा, नाहीतर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखा. नळी गार असेल तर थर्मोस्टॅट अडकलाय, कूलर नुसता लटकतोय. इंजिनावरच्या कूलरच्या पापुद्र्यांमध्ये तेलकट धूळ आणि पानं बसतात. वरून दिसत नाहीत, पंख्याच्या घराच्या मागून टॉर्च मारावा लागतो. पंख्याचा बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, सैल असेल तर घट्ट करा. आणि एक गोष्ट सर्रास दुर्लक्षित राहते: इंजिनाभोवतीचे पत्रे आणि त्यांच्या कडेची रबरी पट्टी. इंजिन उतरवून बसवताना एखादा पत्रा 'कशाला लागतो' म्हणून कोपऱ्यात राहतो आणि खालची तापलेली हवा वर येऊन पुन्हा पंख्यात शिरते. मग कितीही भारी ऑइल ओता. इग्निशन टायमिंग मागे पडलं असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी असेल तरीही इंजिन तापतं. हे सगळं ठीक असून गाडी तापत असेल, तेव्हा ऑइलचा प्रश्न सुरू होतो.

डब्यावरच्या २०डब्ल्यू-५० मधला पहिला आकडा थंडीचा. २०डब्ल्यू ऑइल उणे १५ अंशांना इंजिन फिरवता यावं इतपत पातळ असावं लागतं, हे त्या आकड्याचं वचन. नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटेलाही त्याची गरज पडत नाही; म्युनिकच्या हिवाळ्यात गाडी बाहेर काढणाऱ्याला पडते, म्हणून तिथला माणूस १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यू घेतो. आपल्याला महत्त्वाचा आकडा दुसरा. तो गरम ऑइलच्या जाडीचा, आणि ही जाडी, म्हणजे व्हिस्कॉसिटी, सेंटिस्टोकमध्ये मोजतात: १०० अंशांना ३० ग्रेडची ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३, ५० ची १६.३ ते २१.९.

पण इंजिन १०० वर थांबत नाही, हीच तर तक्रार आहे. मग गणित १०० च्या पुढे न्यावं लागतं. १०० अंशांना १८ सेंटिस्टोक असलेलं नेहमीचं २०डब्ल्यू-५० घ्या. १२० ला ते ११ च्या आसपास येतं, १३० ला ९ च्या. १४ सेंटिस्टोकचं १५डब्ल्यू-४० हे ९ वर १२० लाच येऊन पोचतं. आणि आधुनिक गाड्यांचं ३० ग्रेडचं ऑइल १३० ला ६ वर घसरतं. म्हणजे १३० वर पळणाऱ्या इंजिनातलं ५० ग्रेडचं ऑइल बेअरिंगच्या दृष्टीने १०० वरच्या ३० ग्रेडइतकंच जाड आहे. ज्याच्या गाडीत काटा ९५ च्या वर जात नाही, त्याने ५० टाकून १३० वाल्याची नक्कल करू नये. जाड ऑइल ढवळायला पंपाला जास्त ताकद लागते, ते बेअरिंगमध्ये घासून स्वतःच उष्णता निर्माण करतं, आणि दाब मर्यादेबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑइल इंजिनातून फिरण्याऐवजी मधूनच परत जातं.

खरं मोजमाप तापमान आणि दाब या जोडीचं. गरम ऑइलवर दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार हा या इंजिनांचा जुना ठोकताळा आहे. चार हजारला पावणेतीन-तीन बार मिळाले, तर सध्याची ग्रेड पुरेशी आहे. आयडलला अर्धा-एक बार दिसला म्हणून घाबरणारे पुष्कळ असतात, पण गरम इंजिनात ते स्वाभाविक आहे. १०० अंशांना ५० ग्रेड असूनही चार हजारला दीड बारच येत असेल, तर डिपस्टिक नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर मिश्रण जास्त पेट्रोलचं आहे आणि ते ऑइल पातळ करतंय. वास नसेल तर रिलीफ व्हॉल्व्हचा पिस्टन अडकलेला आहे का पाहा. तोही नीट असेल तर बेअरिंग झिजली आहेत, आणि ६० ग्रेड टाकून फक्त काट्याची समजूत घातली जाईल.

आता एक बारीक पण फार कामाची गोष्ट. २०डब्ल्यू-५० मुळात पातळ तेलात पॉलिमर मिसळून बनवलेलं असतं. हे लांब रेणू थंडीत लोकरीच्या गुंड्यासारखे आकसून राहतात आणि तापल्यावर सुटतात, त्यामुळे तेल पातळ होण्याला अडसर येतो. बेअरिंगमधल्या काही मायक्रॉनच्या फटीत तेलावर जो जबरदस्त ताण पडतो, त्यात हे रेणू प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात, आणि डब्यावरच्या आकड्यापेक्षा तेल प्रत्यक्षात पातळ वागतं. काही रेणू कायमचे तुटतातही. म्हणून १५० अंशांना आणि सेकंदाला दहा लाख इतक्या शिअर दराला, म्हणजे अशाच जबरदस्त ताणाखाली, मोजलेल्या व्हिस्कॉसिटीचा एचटीएचएस (हाय टेम्परेचर, हाय शिअर) हा आकडा बघावा. तो कंपनीच्या डेटाशीटवर असतो, डब्यावर नसतो. ३० ग्रेडसाठी किमान २.९ सेंटिपॉइज लागतात, ५० साठी ३.७. चांगल्या ५० ग्रेडमध्ये ४.५ च्या पुढेमागे मिळतो आणि तापणाऱ्या ९११ साठी तोच धरावा. १०डब्ल्यू-६० मध्ये दोन आकड्यांमधलं अंतर मोठं असल्याने सहसा पॉलिमरही जास्त, म्हणून तुटण्याची शक्यताही जास्त. पण बेस ऑइल चांगलं असेल तर ते भरून निघतं. पोर्शे स्वतः आपल्या क्लासिक ऑइलमध्ये २.७ लिटरपर्यंतच्या इंजिनांना २०डब्ल्यू-५० आणि ३ लिटरपासून पुढे १०डब्ल्यू-६० देते. म्हणजे कारखान्याचाही कल जाडीकडेच आहे.

डेटाशीटवरच आणखी एक आकडा बघा: नोआक. २५० अंशांना तासाभरात किती ऑइल उडून जातं, याची टक्केवारी. युरोपीय ए३/बी४ मानकात ती १३ च्या आत आणि एचटीएचएस किमान ३.५ असावा लागतो. डब्याच्या पाठीवर ए३/बी४ दिसलं तर या दोन बाबतींत निर्धास्त राहता येतं.

बेअरिंगला जाडी लागते, कॅमशाफ्टला रसायन. या इंजिनात रॉकरला, म्हणजे कॅमने हलून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, रोलर नाही. रॉकरचं टोक कॅमवर सरळ घासतं आणि तिथे तेलाचा थर पूर्ण टिकत नाही. तेव्हा कामाला येतं ते झेडडीडीपी हे झिंक आणि फॉस्फरस असलेलं रसायन, मेकॅनिकच्या भाषेत 'झिंक'. दाब आणि उष्णतेने ते धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर चढवतं, तो झिजतो आणि पुन्हा बनतो. यातलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, म्हणून २००४ नंतरच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जात त्याला ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम ही कमाल मर्यादा आली. मजा अशी की ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडनाच आहे. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ना नाही. म्हणून एसएमनंतर आलेल्या दर्जाबद्दलचा 'एसएन म्हणजे जुन्या इंजिनाला विष' हा सरसकट निकाल चुकीचा. जुन्या ९११ ला १००० ते १४०० पीपीएम झिंक असलेलं तेल शोधावं. वेगळी बाटली आणून झिंक ओतू नये: तेलातले मळ धुणारे घटक, म्हणजे डिटर्जंटही, त्याच धातूच्या पृष्ठभागावर जागेसाठी भांडत असतात, आणि तेल बनवणाऱ्याने जुळवलेला तोल आपण गॅरेजमध्ये बिघडवतो.

भारतीय बाजारात यासाठी दोन सोपे मार्ग आहेत. मोटरसायकलचं १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५०, ज्यावर जेएएसओ एमए हे जपानी मानक लिहिलेलं असतं: त्यात मानकानुसारच फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असतं. ओल्या क्लचसाठी बनलेलं असल्याने घर्षण कमी करणारे घटक त्यात टाळलेले असतात, आणि कारला त्याने काही बिघडत नाही. दुसरा मार्ग ट्रकचं सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४०. डिटर्जंट भरपूर, झिंकही पुरेसं, पण ते ४० ग्रेडच; काटा ११० च्या आत राहणाऱ्या गाडीलाच ते द्यावं. १९७५ नंतरच्या टर्बो मॉडेलला मात्र सिंथेटिकच घ्या, कारण गाडी बंद केल्यावर टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल जळून कोळसा होतं. वेगाने आल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मगच बंद करावी, तेल कुठलंही असलं तरी.

खनिज तेलावरून सिंथेटिकवर गेल्यावर गळती सुरू झाली तर दोष सिंथेटिकचा नसतो. सील आधीच आक्रसलेलं असतं, फक्त गाळाने बुजलेलं. नवीन तेलातल्या डिटर्जंटने तो गाळ धुऊन नेला. म्हणून अशी पहिली भरती हजार-दीड हजार किलोमीटरलाच फिल्टरसकट काढून टाकावी.

बदलताना टाकीचा बोल्ट आणि इंजिनाखालचा बोल्ट, दोन्ही काढा, वॉशर नवे घाला. गरम असताना काढलं तरी दहा लिटरच्या आसपासच निघतं. उरलेलं कूलर, नळ्या आणि इंजिनात राहतं, म्हणून १३ लिटर एकदम ओतणं ही नवख्याची ठरलेली चूक. जादा तेल ब्रीदरमधून, म्हणजे वाफा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, इंजिनाला हवा देणाऱ्या एअर बॉक्समध्ये जातं आणि गाडी निळा धूर सोडते. आधी आठ-साडेआठ लिटर घाला, इंजिन ८५-९० पर्यंत तापवा, थर्मोस्टॅट उघडून पुढचा कूलर भरू द्या. मग गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन आयडलवर चालू असतानाच डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा बुडवा, आणि अर्ध्या-अर्ध्या लिटरने वरच्या खुणेखाली बोटभर थांबा. डॅशबोर्डवरचा लेव्हलचा काटाही याच स्थितीत खरा असतो. गाडी पळू लागली की तो तळाला जातो, तेल कमी झालं म्हणून नाही, ते इंजिनात फिरतंय म्हणून.