खळबळत्या पाण्यात अंग कसे धरावे

मे महिन्यात वडोदऱ्याच्या लालबाग तरणतलावात सकाळची बॅच भरली, की पाणी क्षणभरही स्थिर राहत नाही, कारण प्रत्येकाने उठवलेली लाट भिंतीवर आपटून परत फिरते आणि समोरून येणाऱ्या लाटेत मिसळते. स्पर्धेच्या ५० मीटर तलावात यावर बांधणीतच उपाय केलेला असतो: लेनच्या दोरांवरील फिरत्या चकत्या लाटांची ऊर्जा जिरवतात आणि कडेच्या नाल्या उसळलेले पाणी ओढून घेतात. सार्वजनिक तलावात हे दोर पुष्कळदा काढूनच ठेवलेले असतात.

तरीही लाटांचा धिंगाणा वरवरचाच असतो. पाण्याची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने घटते आणि तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर पृष्ठभागाच्या मानाने जेमतेम ४ टक्के उरते. म्हणजे एक मीटर लांबीची लाट अर्ध्या मीटरखाली जवळपास जाणवतच नाही. फ्रीस्टाइलमध्ये पाणी मागे ओढणारा हात साधारण त्याच खोलीवर असल्याने त्याची पकड फारशी बिघडत नाही. बिघडते ते डोके आणि श्वास.

लाट अंगावर आली, की नवखा पोहणारा मान वर काढतो, आणि इथेच सगळे फसते. पाण्याचा उचलणारा जोर हवेने भरलेल्या छातीपाशी एकवटतो, वजनाचा मध्य मात्र कमरेकडे असतो, म्हणून पाय मुळातच बुडू पाहतात. त्यात चार-पाच किलोंचे डोके पाण्याबाहेर आले, की त्याचा आधार जातो आणि कंबर आणखी खाली बसते. हवेपेक्षा सुमारे ८०० पट घनतेच्या पाण्यात असे तिरपे अंग रेटणे फार महाग पडते. कोच ‘नजर तळाकडे’ म्हणून ओरडतात ते उगाच नव्हे.

श्वासाचे गणित जरा नाजूक आहे. पुढे सरकणाऱ्या डोक्यासमोर छोटी लाट उठते आणि तिच्यामागे, नेमका तोंडाशी, एक खळगा पडतो. शांत पाण्यात मान किंचित वळवली तरी त्यातून हवा मिळते. गर्दीत हा खळगा शेजाऱ्याच्या लाटेने भरून जातो. अशा वेळी मान उचलण्याऐवजी खांदा आणि कंबर एकदमच थोडी जास्त वळवावी, श्वास पाण्यातच पूर्ण सोडलेला असावा आणि लाट ज्या बाजूने येते तिच्या विरुद्ध बाजूला तोंड काढावे, ज्यासाठी दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याची सवय आधीच हवी. पुढे येणाऱ्या हाताचे कोपरही नेहमीपेक्षा उंच ठेवावे, म्हणजे बोटे लाटेच्या माथ्यात अडकत नाहीत.