मोटोजीपी गेम आणि ब्रेकचा वाद

मोटोजीपी ही बाईक शर्यतींची जागतिक स्पर्धा. तिच्यावरचा पहिला 'मोटोजीपी' गेम 2000 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला. 2002 पासून एक्सबॉक्स आणि पीसीवर दुसऱ्याच कंपनीची मालिका त्याच नावाने निघू लागली, म्हणजे काही वर्षं एका नावाचे दोन गेम दुकानात. 2013 पासून काम मिलानच्या स्टुडिओकडे आहे. 2018 ला गेम अनरियल इंजिनवर (गेम बनवण्याचं तयार सॉफ्टवेअर) गेला, 2019 ला संगणकाचे प्रतिस्पर्धी रायडर न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे सरावातून शिकणाऱ्या प्रोग्रॅमवर चालू लागले.

खरी वादावादी 2020 नंतरची. मोटोजीपी 20 मध्ये इंधनाचं गणित आलं आणि टायर डावी-उजवीकडे वेगवेगळे झिजू लागले. 21 मध्ये ब्रेकचं तापमान आलं. पडलात तर बाईकपर्यंत पळत जाणंही आलं. पण गाजला तो मागचं चाक उचललं जाण्याचा प्रकार. सरळ पट्ट्याच्या टोकाला ट्रिगर (कंट्रोलरवरचं ब्रेकचं बटण) पूर्ण दाबला की मागचं चाक हवेत, बाईक वळायला तयार नाही आणि वळण हुकलंच. 22 मध्येही ही तक्रार राहिली.

उपाय सांगितला जातो तो असा: बाईक झुकवण्याआधी, सरळ असतानाच जोरात ब्रेक, मागचं चाक हलकं वाटलं की ट्रिगर किंचित सैल, मग जितकी बाईक झुकेल तितका पुढचा ब्रेक सोडत जायचा. झुकलेल्या बाईकवर तो धरून ठेवला तर पुढचं चाक घसरतं. इंजिन ब्रेक (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनानेच वेग कमी करणं) जास्त ठेवला तर मागचा टायर वळणाच्या तोंडाशीच सुटतो. नवख्यांनी आधी दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी मदत चालू ठेवावी.

समीक्षकांनी खरेपणाला गुण दिले आणि नवख्यांना अवघड म्हणून लगेच कापलेही. 'सिम' (सिम्युलेशन, म्हणजे खऱ्याची हुबेहूब नक्कल) या शब्दाने इथे घोळ घातला. खऱ्या रायडरला पुढच्या टायरची अवस्था मनगटात आणि सीटवर कळते. कंट्रोलरवर ती फक्त थरथरीतून आणि आवाजातून कळते, शिवाय एकच स्टिक बाईकही झुकवते आणि अंगाचा भारही हलवते. माहिती कमी आणि चुकीची शिक्षा तेवढीच, याला वास्तव म्हणणं जरा धाडसाचंच. 'दर वर्षी तेच' ही तक्रार मात्र जुनी आणि बरीचशी रास्त.

23 मध्ये शर्यत चालू असताना हवामान बदलू लागलं आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किटही आला; तिथली खरी शर्यत झाली ती गेम निघाल्यावर, सप्टेंबरमध्ये. त्याच गेममधल्या कझाकस्तानच्या सोकोल ट्रॅकवर तर ती झालीच नाही.

मोटोजीपी 25 अनरियल 5 वर आला आणि त्याने सोपा 'आर्केड' व खऱ्याच्या जवळ जाणारा 'प्रो' असे दोन वेगळे पर्यायच देऊन टाकले.