आधी पाणी, मग तेल

खंडेनवमीच्या संध्याकाळी ह्यूस्टनहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती त्याने हौसेने घेतली आहे. सहा घरांची, काळ्या दारूवर चालणारी. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीसारखीच, दारू-गोळी पुढून ठासायची. "मामा, रेंजवरून आल्याआल्या तेलाचा फवारा मारून ठेवलं होतं. चार दिवसांत गंज चढलाच कसा?" त्याने सिलिंडर कॅमेऱ्याजवळ धरला. घरांच्या तोंडाशी नारिंगी ठिपके होते आणि मागे, निपलच्या (केप म्हणजे ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते त्या बारीक नळीच्या) मुळाशी, ओलसर काळा चिखल.

पाण्याने लोखंड गंजतं, तेलाने वाचतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. काळ्या दारूच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर भागत नाही.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू जळून जवळजवळ सगळी वायू होते. काळ्या दारूचं निम्म्याहून जास्त वजन घनरूपातच राहतं, कारण त्यातलं पोटॅशियम क्षाराच्या रूपातच उरतं. काही भाग पांढरा धूर होऊन उडतो, उरलेला नळीत, सिलिंडरमध्ये आणि त्याच्या आसावर बसतो. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट आणि सल्फेट, शिवाय थोडं सल्फाइड.

यातलं पोटॅशियम कार्बोनेट आपल्या निफाड-पिंपळगावच्या बागाईतदारांच्या रोजच्या ओळखीचं. बेदाण्यासाठी घड ज्या द्रावणात बुडवतात, त्यात डिपिंग ऑइलसोबत लिटरला साधारण २५ ग्रॅम हीच पांढरी भुकटी असते. गोणीचं तोंड उघडं राहिलं तर तिचे खडे होतात, हेही ते सांगतील. मी श्रावणात चमचाभर भुकटी बशीत घालून खिडकीत ठेवली होती. संध्याकाळी ती कडेने चकाकू लागली, सकाळी बशीत पाक! वरून एक थेंबही पडला नव्हता.

हे कसं होतं, ते मला फार आवडतं. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत हवेत निसटत असतात आणि हवेतले परत येत असतात. पाण्यात क्षार विरघळला की त्याचे विद्युतभारित आयन रेणूंना धरून ठेवतात, निसटणं कमी होतं. त्यामुळे प्रत्येक क्षाराच्या संपृक्त द्रावणाची स्वतःची एक आर्द्रता ठरलेली असते. खाण्याच्या मिठाची सुमारे ७५ टक्के, पोटॅशियम कार्बोनेटची फक्त ४३. हवा त्याहून दमट असेल तर येणारे रेणू जाणाऱ्यांपेक्षा जास्त, आणि क्षार स्वतःच पाणी ओढून विरघळतो. नाशिकच्या पावसाळ्यात हवा ४३ च्या खाली क्वचितच उतरते. ह्यूस्टन तर समुद्राजवळचं.

म्हणजे भाच्याच्या रिव्हॉल्व्हरला पाणी बाहेरून लागलं नाही, आतल्या क्षाराने ते हवेतून ओढलं. तेलाच्या रेणूंना आयन पकडता येत नाहीत, म्हणून तेलात क्षार विरघळत नाही. तेल फक्त वरून पसरतं, आणि पातळ थरातून वाफ हळूहळू आत शिरतेच. आता खारट पाण्याचा पापुद्रा तयार झाला की लोखंडाच्या एका जागी इलेक्ट्रॉन सुटतात, शेजारी ऑक्सिजन ते घेतो, आणि मधला विद्युतप्रवाह आयन वाहून नेतात. कार्बोनेट अल्कधर्मी असल्याने एकटं असतं तर लोखंडावरच्या ऑक्साइडच्या संरक्षक थराला उलट मदतच करतं. तो थर फोडतात सोबतचे गंधकाचे क्षार, आणि जुन्या धाटणीच्या केपांतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून उरलेलं क्लोराइड. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा घोडा तुळशीच्या लग्नापर्यंत लाल होतो, त्यातही या क्लोराइडचा हात असतो.

म्हणून आधी पाणी. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करायची, पाचर ठोकून नळी आणि सिलिंडर सुटे करायचे, निपल काढायचे, लाकडी मूठ बाजूला ठेवायची. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, ब्रश. सल्फाइडमुळे सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून खिडकी उघडी हवी. मग स्वच्छ पाण्याने खळखळून, पुसून, गरम हवेने खाचाखोचा वाळवायच्या, आणि तेल त्यानंतर. "एकदा फवारा, सगळी सफाई" असं डबीवर लिहिलेलं असलं तरी क्षार काढायला पाणीच लागतं.

शस्त्रपूजेबद्दलही एक सांगतो. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू पाटावर वाहा, लोखंडावर नको. ती भुकटी ओल धरते. आणि गंज दिसला की शस्त्र रुसलं, अपशकुन झाला, असं काही घरांत म्हणतात. ते मनातून काढा, गंज रसायनाने येतो.

भाच्याने त्याच दिवशी सगळं धुतलं. दुसऱ्या दिवशी नळीतून पांढरं फडकं फिरवून त्याने फोटो पाठवला: मधोमध फिकट तपकिरी पट्टा. कुठेतरी क्षार राहिला होता. पुन्हा धुवायला सांगितलं.