बाळानं बाळसं धरलं, मूत्रपिंडांचं काय?

"जन्मलं तेव्हा जेमतेम दोन किलोचं होतं, आता बघा कसं गुटगुटीत झालंय!" वजन वाढलं की सगळी कसर भरून निघाली, हा समज मूत्रपिंडांना लागू पडत नाही. रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म चाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, गरोदरपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात. त्यातही निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. तेव्हाच वारेतून पोषण कमी पडलं, तर चाळण्याही कमी बनतात. पुढे बाळानं कितीही बाळसं धरलं तरी नवी चाळणी बनत नाही. आहेत त्याच आकारानं मोठ्या होतात आणि जादा भार ओढतात.

जर्मनीतल्या संशोधकांनी २००३ साली अपघातात दगावलेल्यांच्या मूत्रपिंडांतल्या चाळण्या मोजून दाखवल्या. उच्च रक्तदाब असलेल्यांत एका मूत्रपिंडामागे सुमारे ७ लाख, नसलेल्यांत १४ लाख. (माणसं एकूण वीसच होती, हेही सांगायला हवं.)

घाबरायचं कारण नाही, अशा अनेकांना कधीच काही होत नाही. पण जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मुलाचा रक्तदाब अधूनमधून मोजून घ्या आणि वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नका.