कोल्हापुरात इलेक्ट्रिक कार घेताय? पासिंगच्या आधी मीटरचा अर्ज उरका

कोल्हापुरातून गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा कागलच्या एमआयडीसीत रोज स्वतःच्या गाडीने ये-जा करणारे पुष्कळ आहेत. रोजचे येऊन-जाऊन ४० किलोमीटर आणि कामाचे २५ दिवस धरले, तर महिन्याला हजार किलोमीटर होतात. पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर साडेबासष्ट लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर महिन्याला साडेसहा हजार रुपये गेले. तेवढ्याच अंतराला छोटी इलेक्ट्रिक कार, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण १५० युनिट घेते. युनिट १२ रुपयांना पडले तरी खर्च १,८०० रुपये. मात्र युनिट नेमके कितीला पडणार हे तुम्ही महावितरणकडे कोणता अर्ज करता यावर ठरते, आणि गाडी घेताना बहुतेकांचे सगळे लक्ष पासिंगकडे असते.

पासिंगचे काम त्या मानाने सोपे आहे. नवी गाडी डीलरच ‘वाहन’ पोर्टलवरून नोंदवतो. फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र), फॉर्म २२ (कंपनीचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र), विमा, पत्त्याचा पुरावा आणि पॅन एवढी कागदपत्रे लागतात. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३४ जोडावा लागतो. खासगी गाडीला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एमएच-०९ चा नंबर मिळतो. बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्येच माफ केले आहे. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन करही माफ आहे आणि ते धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत लागू आहे. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा कर १२ टक्के असतो, त्यामुळे बारा लाखांच्या गाडीमागे सुमारे १ लाख ४४ हजार रुपये वाचतात. म्हणून डीलरचे कोटेशन नीट वाचा. ‘आरटीओ खर्च’ म्हणून मोठी रक्कम दाखवली असेल तर तिचा तपशील लेखी मागा. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यातही इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सवलत आहे.

दोन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली कलम ८०ईईबीची दीड लाखांची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे, आज कर्ज घेणाऱ्याला ती मिळत नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही खासगी कारला अनुदान नाही.

आता मीटर. घरच्या कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही आणि दरही घरगुतीच लागतो. पण घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत. टप्प्याच्या वरच्या युनिटांना वरचा दर लागतो आणि ३०० नंतर तो चांगलाच चढतो. घरात महिन्याला १०० युनिट जळत असतील, तर गाडीचे १५० मिळवूनही तुम्ही ३०० च्या आतच राहता. अशा घराने दुसऱ्या मीटरच्या भानगडीत पडू नये, दरमहाचा स्थिर आकार उगाच वाढेल. ज्या घरात आधीच ३०० च्या आसपास युनिट जळतात, तिथे गाडीची जवळजवळ सगळी वीज महाग टप्प्यात जाते. त्यांनी ईव्ही चार्जिंगचे वेगळे कनेक्शन जरूर घ्यावे. त्याला असे टप्पे नाहीत, दर दिवसाच्या वेळेप्रमाणे कमी-जास्त होतो.

वेगळ्या कनेक्शनचा हक्क वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्पष्ट केला आहे. अर्ज पूर्ण असेल तर महापालिका हद्दीत सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत वीज मिळायला हवी. म्हणजे राजारामपुरीला सात दिवस, उचगाव-पाचगावला पंधरा. नवा खांब किंवा लाइन ओढावी लागली तर वेळ वाढतो.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर करता येतो, नवीन कनेक्शन आणि लोडवाढ (मंजूर भार वाढवून घेणे) दोन्ही ए-वन फॉर्मवरच. ओळखपत्र, जागेच्या मालकीचा पुरावा (घरफाळ्याची चालू पावती किंवा प्रॉपर्टी कार्ड), भाड्याच्या घरात मालकाचे संमतीपत्र आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा. गाडीची आरसी किंवा बुकिंगची पावतीही फाइलमध्ये असू द्या. महावितरणचे कोटेशन, म्हणजे भरायच्या रकमेचा कागद, आले की ते भरल्याची पावती जपून ठेवा. मुदत उलटूनही काम झाले नाही, तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. तिथेही अडले तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

सर्वात जास्त अर्ज कुठे रखडतात, तर नावावर. पेठांमधल्या कितीतरी घरांचे लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर येते. लोडवाढ किंवा सोलर मागण्याआधी नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, मालकीचा पुरावा आणि इतर वारसांचे ना हरकत पत्र लागते. भाऊ-बहिणी पुण्या-मुंबईला असतील तर सह्या गोळा करण्यातच महिना जातो, म्हणून गाडी बुक केली त्या आठवड्यातच हे काम हाती घ्या.

लोडचा हिशेबही आधीच करा. बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी रात्रभर सावकाश चार्ज होते आणि चाळीस किलोमीटरला तेवढे पुरते. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर एकटाच ३० अँपिअरच्या वर खेचतो. सिंगल फेजची मर्यादा ४० अँपिअर, त्यात गिझर आणि मोटरही चालू झाली तर भागत नाही. मग थ्री फेज मागावे लागते आणि वायरिंगचा खर्च वाढतो. सध्या ज्यांना सॉकेट पुरते त्यांनी त्यावरच भागवावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी स्वतंत्र वायर आणि चांगले अर्थिंग मात्र हवेच.

सुतारवाडा, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत राहणाऱ्यांनी चार्जिंग पॉइंट आणि मीटर २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणेच्या वर बसवावेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की गाडी पूर्ण चार्ज करून उंचावर नेऊन लावावी.

अपार्टमेंटमध्ये सोसायटीचे ना हरकत पत्र लागते. अर्जात तुमच्या पार्किंगचा क्रमांक, मीटरपासून केबल कुठून जाणार आणि खर्च तुमचाच असल्याचे लिहा. एवढे स्पष्ट असले की बैठकीत आक्षेपाला जागा उरत नाही.

राहिला धुराचा प्रश्न. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे आपल्या हजार किलोमीटरला १४४ किलो. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरले तर १५० युनिटांचे १०५ किलो होतात. घट पाव हिश्श्याहून थोडी जास्त आहे. ती मोलाची आहेच, पण खरा फरक छतावरच्या सोलरने पडतो. तीन किलोवॉटचे पॅनेल पावसाळा वगळता महिन्याला ३०० युनिटच्या आसपास देते, गाडीचे भागून घरालाही उरते.

पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्यासाठी स्वतःचे छत, अर्जदाराच्या नावाचे ताजे लाइट बिल आणि बँक खाते लागते. काम नोंदणीकृत एजन्सीकडूनच करून घ्यावे लागते, अनुदान मात्र थेट तुमच्या खात्यात जमा होते. सोलर बसवणार असाल तर गाडीसाठी वेगळे मीटर घेऊ नका. सोलरची ग्रिडला दिलेली वीज मोजणारे नेट मीटर घरगुती कनेक्शनला असते आणि त्याचे युनिट त्याच बिलात वळते होतात. ईव्हीच्या वेगळ्या मीटरला त्यांचा उपयोग नाही. अशा घराने आधी नावबदल करावा, मग लोडवाढ आणि सोलरचे अर्ज द्यावेत आणि गाडीची डिलिव्हरी त्यानंतरची तारीख पाहून घ्यावी.