मंत्रिमंडळाची बैठक न होता मंत्रिमंडळाचा निर्णय

२३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनावर शपथविधी झाला. त्या दिवशी सगळी चर्चा कोण कुणाबरोबर गेलं याचीच. मला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, मग त्या रात्री मंत्रिमंडळ बसलं कधी? ते बसलंच नव्हतं. तरीही सगळं नियमात होतं.

नागरिकशास्त्रात आपण कलम ७४ आणि ७५ शिकलो. मंत्रिपरिषद राष्ट्रपतींना सल्ला देते आणि लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. पण मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि इथे भल्याभल्यांची गल्लत होते. परिषदेत राज्यमंत्र्यांसह सगळे येतात. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनुसार त्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांपुढे जाता येत नाही, म्हणजे ५४३ सदस्यांमागे जास्तीत जास्त ८१. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातले पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे मंत्री एवढेच. दर शपथविधीला वाहिन्यांवर मुहूर्ताची चर्चा रंगते, तिला काडीचा आधार नाही. सरकार टिकतं सभागृहातल्या आकड्यावर. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, अशा एका मताने पडलं.

आता माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट, कॅबिनेट नोट. एखाद्या मंत्रालयाला मोठा निर्णय हवा असेल तर ते आधी टिपणीचा मसुदा करतं. हा मसुदा विषयाशी संबंध असलेल्या प्रत्येक मंत्रालयाकडे फिरतो. पैशाचा प्रश्न असेल तर अर्थखात्याकडे, कायद्याचा असेल तर विधी खात्याकडे. त्यांचे आक्षेप आणि त्यांवर मूळ मंत्रालयाचं उत्तर, दोन्ही अंतिम टिपणीत नोंदवावं लागतं. मंत्रिमंडळ सचिवालय ती तपासतं, मगच विषय बैठकीपुढे येतो. तिथे सहसा मतदान होत नाही, चर्चेतून एकमत घडवलं जातं आणि इतिवृत्तात निर्णय उतरतो. या साऱ्या प्रवासाचं मोल एवढंच, की कुणा एकाला आपली चूक दुसऱ्याच्या नजरेआड दामटता येऊ नये.

निर्णय झाला की तो सगळ्यांचा. बैठकीत कडाडून विरोध केलेल्या मंत्र्यालाही बाहेर त्याचंच समर्थन करावं लागतं, नाहीतर राजीनामा. १९५६ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या प्रश्नावर पद सोडलं. आपण ते संयुक्त महाराष्ट्रासाठीचा त्याग म्हणून लक्षात ठेवतो, आणि ते खरंच आहे. पण लोकसभेतल्या निवेदनात त्यांनी कार्यपद्धतीचीही तक्रार मांडली होती. हा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे विचारासाठी आलाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जो निर्णय घेण्यात आपला वाटा नाही, त्याची सामूहिक जबाबदारी घ्यायची तरी कशी? मला त्यांच्या राजीनाम्याचा हा भाग अधिक मोलाचा वाटतो.

टिपणीचा हा रस्ता १९६१च्या कामकाज नियमांनी आखलेला आहे. राज्यघटनेच्या कलम ७७(३)ने राष्ट्रपतींना असे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. त्यांतला बारावा नियम पंतप्रधानांना गरज वाटेल तेव्हा या नियमांपासून फारकत घेण्याची मुभा देतो. निर्णय आधी, मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर, म्हणजे कार्योत्तर. २०१९च्या त्या पहाटे हाच नियम वापरला गेला.

आणि २५ जून १९७५च्या रात्रीही. आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही रात्रीच झाली, मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत कळलं. म्हणून १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२मध्ये अट घातली, की केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये. तोवर राज्यघटनेत 'मंत्रिमंडळ' या अर्थाने कॅबिनेट हा शब्दच नव्हता, तो या एका कलमात आला. घटनेतली अट साध्या नियमाला ओलांडता येत नाही, त्यामुळे आणीबाणीपुरती ही पळवाट बुजली.

राष्ट्रपती राजवट मात्र कलम ३५६खाली लागते आणि उठते. त्या कलमात लेखी निर्णयाची ही अट कुणी घातलेली नाही.