टो बॉलच्या आधी आणि नंतर : फॅमिली कारने कॅरॅव्हॅन ओढण्याची पार्श्वभूमी

साध्या फॅमिली कारच्या मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडलेली असते ती एका पोलादी गोळ्यावर, टो बॉलवर. त्याचा व्यास ५० मिलिमीटर. दीड हजार किलोचं घर एवढ्याशा गोळ्यावर कसं राहतं, याचं नवल वाटतं. पण हौसेची कॅरॅव्हॅन आधी आली आणि हा गोळा जवळपास पन्नास वर्षांनी.

‘कॅरॅव्हॅन’ हा शब्द मूळचा फारसी, आपल्या ‘कारवाँ’चाच भाऊ. घरासकट भटकणारी माणसं जुनीच, पण निव्वळ हौसेसाठी खास बांधून घेतलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून नाव घेतलं जातं ते ‘वाँडरर’चं. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश नौदलातल्या माजी डॉक्टरांनी ती १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून बनवून घेतली. वजन दीड-दोन टन, ओढायला दोन घोडे. इंग्लंडमध्ये १९०७ साली कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला तेव्हाही चित्र घोड्यांचंच होतं. घोड्याच्या वेगात गाडं झुलण्याचा प्रश्न येत नाही. तो मोटारीबरोबर आला.

पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली. जर्मनीत १९३१ साली इस्नी गावच्या अरिस्ट डेथलेफ्स यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी ‘वोनआउटो’ म्हणजे राहती गाडी बांधली. घरचा धंदा चाबकांचा, त्यासाठी सतत फिरती आणि पत्नी चित्रकार. प्रवासात सोबत राहावी आणि तिला चित्रंही काढता यावीत, असा हिशेब होता. पुढे तोच त्यांचा धंदा झाला.

मोटारीला ही गाडी जोडायची कशी, यावर एकमत नव्हतं. खिळ आणि कडी, हूक आणि कडी असे प्रकार चालत. त्यांचा दोष एकच : सैलपणा. ब्रेक मारला की ठोका पुढे, वेग वाढवला की मागे, आणि प्रत्येक ठोक्यागणिक भोक मोठं. जर्मनीच्या वेस्टफालिया कंपनीने १९३४ मध्ये गोळ्याची जोडणी आणली. गोळ्यावर बसलेली वाटी डावी-उजवीकडे वळते, वर-खाली होते, एक चाक खड्ड्यात गेलं तर थोडी पिळवटतेही, आणि तरी जागची हलत नाही. मापांचा गोंधळ मात्र बराच काळ राहिला. ब्रिटनमध्ये २ इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा गोळा होता, युरोपात ५० चा. फरक जेमतेम ०.८ मिलिमीटरचा, पण ५० च्या वाटीत २ इंची गोळा अडकतो आणि २ इंची वाटीत ५० चा गोळा खुळखुळतो. अमेरिकेत आजही मापं इंचातच आहेत. गोळा झिजून ४९ मिलिमीटरच्या खाली गेला की तो बदलायचा. हे डोळ्यांना कळत नाही, व्हर्नियर कॅलिपर लावावाच लागतो.

दुसरी अडचण ब्रेकची. कारचे ब्रेक कारपुरते असतात. उपाय निघाला तो ओव्हररन ब्रेकचा. कार मंदावली की कॅरॅव्हॅन मागून रेटते, कपलिंगचा, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या जोडणीचा, दांडा आत सरकतो, तरफ रॉड ओढते आणि कॅरॅव्हॅनच्या चाकांतले ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. कारमधून तार नको की नळी नको. फक्त रिव्हर्स घेतानाही दांडा असाच आत जातो, म्हणून ब्रेक लागतात आणि कॅरॅव्हॅन हलायलाच तयार होत नाही. जुन्या गाड्यांत खाली उतरून कपलिंगवरची खिट्टी हाताने पाडावी लागे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८९ पासून नव्या ट्रेलरना ऑटो-रिव्हर्स ब्रेक सक्तीचे झाले : ड्रम उलटा फिरू लागला की एक शू आपोआप आत दबतो आणि चाक मोकळं होतं.

या सोयीची किंमत उतारावर कळते. चढाकडे तोंड करून उभी केलेली कॅरॅव्हॅन मागे घरंगळू लागली की ऑटो-रिव्हर्सला वाटतं, ड्रायव्हर रिव्हर्स घेतोय. तो ब्रेक सोडतो. म्हणून हँडब्रेकच्या यंत्रणेत ताणलेली स्प्रिंग असते. चाक थोडं मागे फिरलं की ती उरलेला ताण देऊन ब्रेक पुन्हा आवळते, पण तोवर कॅरॅव्हॅन वीतभर मागे गेलेली असते. हँडब्रेक अर्धवट ओढलेला असेल तर स्प्रिंगला काम करायला वावच उरत नाही. तेव्हा तो जवळजवळ उभा होईपर्यंत ओढायचा, आधी चाकाला उटी लावायची आणि मगच कपलिंग सोडायचं. हा क्रम उलटा झाला की जॉकी व्हीलच्या, म्हणजे पुढच्या टेकूच्या छोट्या चाकाच्या, भरवशावर कॅरॅव्हॅन निघून जाते.

कपलिंगजवळची बारीक तार म्हणजे ब्रेकअवे केबल. कॅरॅव्हॅन गोळ्यावरून सुटलीच, तर ती आधी हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. तुटणं हेच तिचं काम. ती तुटली नाही तर सुटलेली कॅरॅव्हॅन कारच्या मागे फरफटत राहील. केबल जमिनीला घासेल इतकी लोंबती नको आणि वळणावर ताणली जाईल इतकी आखूडही नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरॅव्हॅन खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. ब्रिटनमध्ये सॅम अल्पर यांच्या ‘स्प्राइट’ने स्वस्त आणि हलकी कॅरॅव्हॅन दिली, कारण ती ओढणाऱ्या कारही हलक्याच होत्या. मॉरिस मायनर जेमतेम पाऊण टनाची. त्याच काळात कारची जुनी चौकट जाऊन एकसंध बॉडी आली आणि टो बार, म्हणजे गोळा धरणारा कारमागचा दांडा, कुठेही वेल्ड करण्याची मुभा संपली. कंपनीने बॉडीत ठेवलेल्या ठरावीक जागीच बोल्ट बसवायचे, नाहीतर पत्रा फाटतो. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९९८ पासून नव्या कारना मान्यताप्राप्त टो बारच लावावा लागतो.

वेग वाढला तसं कॅरॅव्हॅनचं नागमोडी झुलणं हा सगळ्यात मोठा धोका ठरला. एका ठरावीक वेगाखाली झोका आपोआप विरतो, त्याच्या वर प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होतो. ही मर्यादा किती वेगावर येईल हे मुख्यतः सामान कुठे ठेवलंय यावर ठरतं. गोळ्यावर खाली पडणारा भार, म्हणजे नोज वेट, भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या ५ ते ७ टक्के असावा, असा ब्रिटनमधला संकेत आहे. १२०० किलोला ६० ते ८४ किलो. एक्सलपासून कपलिंग ४ मीटरवर असेल, तर एक्सलच्या ३ मीटर पुढे ठेवलेली २० किलोची वस्तू गोळ्यावर १५ किलो वाढवते. तीच अडीच मीटर मागे ठेवली तर साडेबारा किलो कमी करते. पण नोज वेटचा आकडा जुळवायला पुढच्या टोकाला जड सामान आणि मागच्या टोकालाही जड सामान ठेवणं हा वाईट मार्ग. आकडा बरोबर येतो, पण टोकांना वजन असलेली कॅरॅव्हॅन एकदा झुलू लागली की थांबत नाही. जड वस्तू खाली, एक्सलच्या आसपासच ठेवायच्या.

कारच्या बाजूनेही तोच हिशेब. गोळा मागच्या एक्सलपासून १ मीटर मागे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, २.६ मीटर असेल, तर ८० किलोचा नोज वेट पुढच्या चाकांवरून सुमारे ३१ किलो उचलतो आणि मागच्यांवर १११ किलो टाकतो. फ्रंट-व्हील ड्राइव्ह कार ओल्या चढावर चाकं फिरवत उभी राहते ती यामुळे.

झुलणं आवरायला आधी पट्टीचे स्टॅबिलायझर आले, मग थेट गोळ्याला घर्षणपट्ट्यांनी दाबून धरणारे. इथे एक जुनी सवय नडते. साध्या कपलिंगला गोळ्यावर ग्रीस लागतं, घर्षणवाल्याला ते अजिबात चालत नाही. नव्या गोळ्याचा रंगही घासून काढावा लागतो, नाहीतर पट्ट्यांना तो चिकटून कुरकुर सुरू होते आणि पकड जाते. या शतकाच्या पहिल्या दशकात झोका ओळखून कॅरॅव्हॅनचे ब्रेक स्वतः लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही आली. चुकीच्या लोडिंगवर मात्र यातलं काहीच औषध नाही. झुलायला लागलीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. ‘वेग वाढवून ओढून घे’ हा सल्ला जुना असला तरी घातकच.

ब्रिटिश क्लबांचा ८५ टक्क्यांचा संकेत याच भीतीतून आला. रिकामी कार १४०० किलोची असेल, तर भरलेली कॅरॅव्हॅन ११९० च्या आत. हा कायदा नाही, नवशिक्यांसाठी सल्ला आहे. जर्मनीने वजनाचं गुणोत्तर थेट वेगाशी जोडलं : एरवी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा, पण १९९८ पासून अटी पाळणाऱ्यांना १००. अटींमध्ये कॅरॅव्हॅनला शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सहा वर्षांपेक्षा जुने नसलेले टायर हेही येतं. मालक बहुधा टायरवरच अडकतात, कारण वर्षातले बरेच महिने उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनचा टायर घासून नव्हे, वयाने मरतो.

कारची ओढण्याची क्षमता कंपनी मनाने ठरवत नाही. युरोपीय नियमानुसार पूर्ण भरलेल्या जोडीने १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघून दाखवावं लागतं. ही परीक्षा क्लचची आहे. घाटात वाहतूक अडली की जळका वास येतो तो याच भागाचा.

इलेक्ट्रिक कारला क्लच नाही, टॉर्कही भरपूर, तरी सुरुवातीच्या कित्येक मॉडेलना ओढायची परवानगीच नव्हती. ज्यांना आहे त्यांची रेंज कॅरॅव्हॅन लावल्यावर साधारण निम्म्यावर येते, कारण सपाट चेहऱ्याची पेटी हवा कापत नाही, ढकलते. काही मॉडेलना टो बॉल मिळतो तो फक्त सायकलींचा रॅक लावायला. म्हणून गोळा दिसला एवढ्यावर जाऊ नये. युरोपीय कारच्या ओळखपट्टीवर पहिला आकडा कारच्या भरलेल्या वजनाचा, दुसरा कार आणि ट्रेलर मिळून. १९०० आणि ३२०० असं लिहिलं असेल, तर कार पूर्ण भरल्यावर मागे १३०० किलो चालतात. दुसरा आकडा नसेलच, तर त्या कारमागे काहीही जोडायचं नाही.